भाऊजींचा विषय

आमच्या धाकट्या भाऊजींइतका बायकांना घाबरणारा पुरुष अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि बायकांच्या आजारापायी आयुष्याची इतकी वर्षं घालवलेला पुरुषही आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत दुसरा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदल्या, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. मी त्यांची थोरली वहिनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते, आणि पुढची बरीच वर्षं ते माझ्याशी जे काही बोलले ते आमच्या फ्रिजकडं बघून बोलले. सुरुवातीला मला वाटायचं, यांना भूक लागलीय. मी उठून काहीतरी खायला द्यायचे, ते निमूट खायचे, आणि मग पुन्हा फ्रिजला सांगायचे, "वहिनी, दादा आले की त्यांना म्हणावं, मी गावाकडं जाऊन येतो." जिथं फ्रिज नसेल तिथं दाराची चौकट असायची. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात त्यांनी चौकटीजवळ आपल्या दोन्ही मावश्यांची, आत्याची आणि झाडून सगळ्या चुलत बहिणींची खुशाली विचारलेली मी स्वतः ऐकली आहे. मावश्याही सरावल्या होत्या. त्या चौकटीलाच टेकून बसायच्या.

शहरात आम्ही राहतो त्या पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच भाजीवाल्या बसतात. भाऊजी त्यांना टाळून पार गारखेड्यापर्यंत चालत जायचे, कारण तिथं एक म्हातारा माणूस मेथी घेऊन बसायचा. त्याच्याकडं मेथीशिवाय काही नसायचं, त्यामुळं भाऊजींना भाजीला पाठवलं की आम्ही मेथी खायचो. बसमध्ये शेजारी एखादी बाई येऊन बसली की हे उठून उभे राहायचे. बाकीच्या बायांना वाटायचं, किती सभ्य माणूस आहे, जागा देतोय. मग त्या रिकाम्या जागेवर दुसरी बाई येऊन बसायची. शहरातून गावापर्यंत ते बहुतेक वेळा उभ्यानंच गेले. लग्नासाठी दोन स्थळं पाहिली. पहिल्या ठिकाणी ते काहीच बोलले नाहीत, म्हणून दुसऱ्या ठिकाणी जाताना मी बजावलं की एक तरी प्रश्न विचारायचा. मुलगी समोर येऊन बसली आणि भाऊजींनी टीपॉयकडं बघत विचारलं, "आपल्याला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का?" मुलीच्या शरीरानं त्या विषाणूची ओळख ठेवली आहे का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मुलीच्या वडिलांना वाटलं, हा पोरीच्या तोंडावरचे व्रण शोधतोय. त्या घरी आम्हाला चहा मिळाला नाही.

मुळात भाऊजींना तुरीवरच्या मर रोगावर संशोधन करायचं होतं. घरचीच तूर, घरचाच रोग. पण ज्या सरांकडं ते पीएचडी करणार होते ते सर निवृत्त झाले, आणि दुसऱ्या सरांकडं एकच जागा शिल्लक होती. त्या दिवशी भाऊजी घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. माझ्या मिस्टरांनी विचारलं, "काय झालं रे?"

"विषय बदलला."

"मग? कोणता मिळाला?"

"महिलांचा."

"महिलांचा काय?"

"आजार."

"कुठला?"

भाऊजींनी फ्रिजकडं पाहिलं, पण तिथं मी उभी होते. मग वर पंख्याकडं बघून ते म्हणाले, "आतला."

तो आतला आजार म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तो होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूनं, आणि भाऊजींना शोधायचं होतं ते असं की काही बायकांचं शरीर त्या विषाणूला पुरून उरतं आणि काहींचं उरत नाही, याचं कारण त्यांच्या जनुकांत कुठं सापडतं का. एवढं समजून घ्यायला मला कित्येक महिने लागले, कारण भाऊजींना हे सगळं फक्त इंग्रजीत सांगता यायचं. मराठीत सांगायला लागले की त्यांचे कान लाल व्हायचे आणि वाक्यातले महत्त्वाचे शब्द गळून पडायचे. "वहिनी, तो विषाणू असतो ना, तो त्या ठिकाणी जातो, आणि मग ते जे असतं ते बदलतं." मी गारखेड्याच्या शाळेत मराठी शिकवते. सर्वनामांचा इतका भार मी दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात पाहिलेला नाही.

पण एकदा का गाडी जनुकांवर आली की हा माणूस बदलायचा. हातातली भाकरी हातातच राहायची, फ्रिज विसरायचा, आणि ते थेट माझ्याकडं बघून बोलू लागायचे. "वहिनी, हा विषाणू बहुतेकींना कधी ना कधी भेटतोच. पुरुषांनाही भेटतो. त्यात कुणाच्या चालचलणुकीचा प्रश्न नाही. बहुतेकींचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत घालवून देतं, बाईला पत्तासुद्धा लागत नाही. एखादीच्याच अंगात तो मुक्काम ठोकतो, आणि कितीतरी वर्षांनी त्यातून कॅन्सर उभा राहतो. विषाणू तोच. मग हिला असं आणि तिला तसं का? आत कुणी परका आला तर आपली पेशी त्याचा तुकडा बाहेर धरून दाखवते, की बघा, हा आलाय. तो तुकडा धरायचा हात प्रत्येकीचा जरा वेगळा असतो. कुणाच्या हातात तो नीट बसतो, कुणाच्या हातातून निसटतो." इतकं झाल्यावर त्यांच्या एकदम लक्षात यायचं की आपण केव्हापासून एका बाईच्या तोंडाकडं बघतोय. मग वाक्य तिथंच टाकून ते गच्चीवर निघून जायचे.

हळूहळू त्यांना जगात दुसरं काही दिसेना. शेजारच्या काकू पाण्यावरून, कचऱ्यावरून, कशावरूनही भांडायला यायच्या; भाऊजी म्हणाले, "दादा, तो राग नाही, अतिप्रतिसाद आहे. शरीरही असंच करतं कधी कधी." एका पावसाळ्यात आमच्या भागात चिकनगुनिया आला. माझे मिस्टर झोपले, मुलगी झोपली, भाऊजी झोपले. मी तेवढी उभी राहिले आणि सगळ्यांना पेज करून घालत होते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी भाऊजी भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि माझ्याकडं चक्क आदरानं बघत राहिले. सासरी माझ्याकडं असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तुमचं जपून ठेवण्यासारखं आहे."

"काय?"

"रक्त."

बरे झाल्यावर त्यांनी मला रीतसर विचारून ते काढूनही नेलं. त्यांच्या कामाला आजारी बायका लागत, तशा धडधाकट बायकाही लागत. आजारी बायकांचं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आणि सिस्टर बघायच्या. धडधाकट बायका मिळवणं भाऊजींवर होतं, आणि भाऊजींच्या ओळखीत बाई म्हणाल तर मी, त्यांची आई आणि आमचा फ्रिज. शेवटी ठरलं की गावीच शिबिर घ्यायचं. भाऊजींनी मराठीत माहितीपत्रक लिहिलं. कान लाल होऊ नयेत म्हणून त्यांनी ते अशा मराठीत लिहिलं की माझ्यासारखीलाही दोनदा वाचावं लागलं: "सदर संशोधनात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या भगिनींच्या अधोभागातील पेशींचे नमुने प्रशिक्षित परिचारिकेमार्फत संकलित करण्यात येतील." ग्रामपंचायतीच्या माणसाला त्यातलं जेवढं झेपलं तेवढं त्यानं फळ्यावर उतरवलं. अधोभागातील नमुन्यांची मोफत तपासणी, रविवारी, शाळेत.

रविवारी सगळ्यात आधी दोन शेतकरी मातीच्या पिशव्या घेऊन हजर. त्यातला एक मला म्हणाला, "वरच्या वावराची नाय आनली बाई. लिवल्यापरमानं खालच्या अंगाचीच आनली." मी त्यांना समजावणार, तेवढ्यात भाऊजींनी पुढं होऊन दोन्ही पिशव्या घेतल्या. पुरुषांना नाही म्हणणंही त्यांना जमत नाही. पुढं त्यांनी ती माती खरोखर तपासून आणली आणि त्या दोघांना घरी जाऊन सांगितलं की स्फुरद कमी पडतंय.

बायका जमल्या तशा भाऊजी दवाखान्याच्या जीपच्या पलीकडं गेले आणि नमुने ठेवायच्या बर्फाच्या डब्याजवळ उभे राहिले. आत वर्गात डॉक्टरीणबाई, बाहेर व्हरांड्यात मी आणि गावच्या बाया. शिबिर खरं चालवलं ते आमच्या सासूबाईंनी. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या सकाळपासून घरोघर फिरून बाया उठवत होत्या, चहा देत होत्या, जी काचकूच करील तिला दंडाला धरून आणत होत्या. "चल गं, माझ्या लेकाचं काम हाय. दोन मिंटाचं तर हाय." मी जमेल तसं समजावलं की विषाणू असा असतो, तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, पुरुषाला बहुधा काही जाणवत नाही, बाईला मात्र वर्षांनी त्रास होऊ शकतो. मग मधल्या आळीतली एक बाई शांतपणे म्हणाली, "म्हंजे आनायचा त्यांनी आन तपासून घ्यायचं आमी. त्यांला कुणी रांगंत हुबं करीत नाय व्हय?"

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. एवढ्यात जीपच्या पलीकडून आवाज आला, "बरोबर आहे तुमचं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जीपच्या खालून भाऊजींचे बूट तेवढे दिसत होते. का कोण जाणे, पण त्यानंतर रांग लागली. दुपारपर्यंत पेशींच्या आणि रक्ताच्या नळ्यांनी भाऊजींचा डबा भरला. उन्हं उतरता उतरता मी आत्याबाईंना म्हटलं, आता तुम्हीही जाऊन या. त्या कपबश्या गोळा करत म्हणाल्या, "माझं काय ऱ्हायलंय आता तपासायचं?" आणि कपबश्या धुवायला गेल्या.

त्यानंतर पोळ्याला मी गावी गेले होते. गोठ्यामागं काहीतरी आणायला गेले, तर दोरीवर गोधडीच्या आड धुतलेल्या कपड्याच्या घड्या वाळत घातलेल्या दिसल्या. तसल्या घड्या लागाव्यात अशा वयाची बाई त्या घरात कुणी नव्हती. आत्याबाईंची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मी स्वयंपाकघरात गेले. त्या पुरणपोळ्या लाटत होत्या.

"आत्याबाई, ते गोठ्यामागं काय वाळत घातलंय?"

"काय नाय. उष्णता झालीया."

"कधीपासून?"

"होळीपासून असंल."

"म्हणजे शिबिराच्या दिवशी..."

"त्या दिशीबी." त्यांनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बापूला सांगू नगंस. लाजंल त्यो. आधीच बिचाऱ्याला नको त्यो विषय दिलाय."

बापू म्हणजे आमचे भाऊजी. मी बरं म्हटलं, आणि संध्याकाळच्या बसनं घरी येऊन त्यांना सांगितलं. ते बेसिनपाशी हात धूत होते. प्रयोगशाळेतून आले की ते कोपरापर्यंत हात धुतात, नळ चालूच असतो. त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडं वळून नीट माझ्या डोळ्यांत बघितलं. जनुकांचा विषय नसताना असं पहिल्यांदाच घडत होतं.

"होळीपासून?"

"म्हणाल्या तरी तसं."

"वजन उतरलंय?"

"चोळ्या सैल झाल्यात."

सकाळी ते मोटारसायकल काढून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा मागं." त्यांच्या मागं आजवर कुणी बाई बसली नव्हती. मी बसले. ते इतके पुढं सरकून बसले की गाडी चालवत होते का टाकीवर स्वार झाले होते ते सांगता येणार नाही. रस्ताभर मी एकटीच सीटवर होते म्हटलं तरी चालेल.

आत्याबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. भाऊजी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर मांडी घालून बसले. मला वाटलं होतं, आता बोलायचं मलाच लागणार. म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

"आई, पाळी गेल्यावर रक्त जातं ती उष्णता नसते."

आत्याबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

"कशाकशानं जात असंल," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईचं काय घेऊन बसलास."

"अंगावरून आणखी काही जातं? वास येतो? कंबर दुखते?"

आणि मग भाऊजींनी सगळं सांगितलं. गर्भाशय, त्याचं मुख, तिथं काय होऊ शकतं, ते कसं तपासतात, किती लवकर कळलं तर काय करता येतं. आमच्या घरात मराठीतले ते शब्द तोवर कुणी मोठ्यानं उच्चारले नव्हते. त्यांनी ते एकामागून एक उच्चारले, सावकाश, आपल्या आईच्या तोंडाकडं बघून. त्यांचे कान लाल झाले नाहीत. आता चौकटीकडं बघायची पाळी आत्याबाईंची होती.

"मला लाज वाटेल म्हणून दडवलंस तू?"

"मंग? तुला नाय तर कुनाला?"

"तुला वाटत नव्हती?"

"मला कशाची लाज," आत्याबाई शेंगांकडं बघत म्हणाल्या. "तू तिथूनच आलायस की."

मग भाऊजी उठले. "चल."

"आज?"

"आज."

"म्हशीची धार कोन काढंल?"

"वहिनी काढतील," भाऊजी म्हणाले. वहिनीनं आयुष्यात म्हशीला हात लावला नव्हता हे त्यांना माहीत होतं, पण माणूस घाईत काहीही बोलतो. शेवटी शेजारणीला सांगितलं. त्यांची मोटारसायकल गावातच राहिली. फुलंब्रीहून रिक्षा केली, त्या रिक्षावाल्यानं आत्याबाईंकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, आराम से बैठो. खड्डा आया तो मैं पैलेच बोल देता." तो खरंच बोलत होता. रस्ता तसला असल्यामुळं तो जवळजवळ सगळा वेळ बोलत होता.

दवाखान्यात तुकडा काढून तपासला, आणि कॅन्सर निघाला. पण तोंडाशीच होता, आत पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, मग काही आठवडे किरणं घ्यावी लागली. त्या सगळ्या काळात भाऊजी बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायचे. जिथं आजूबाजूला बायकांशिवाय कुणीच नाही अशी ती जागा. मला वाटलं होतं, दोन दिवसांत हे पळतील. पळाले नाहीत. कन्नडच्या, सिल्लोडच्या, जालन्याकडच्या बाया तिथं असायच्या. कुणीतरी त्यांना सांगितलं की हा पोरगा ह्याच रोगाचं शिकलाय, आणि त्या येऊन विचारू लागल्या. भाऊजी त्यांच्या पायांकडं बघून उत्तरं द्यायचे. हो, बरा होतो, लवकर कळला तर. नाही, शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं दुसऱ्याला होत नाही. नाही, तुमचं पाप-बिप काही नाही यात. त्यांना त्या बायांचे चेहरे शेवटपर्यंत ओळखता आले नाहीत, पण चपला सगळ्या ओळखू यायच्या. मला म्हणायचे, "वहिनी, निळ्या पट्ट्याच्या चपलेला जेवण जात नाहीय, सिस्टरना सांगा. आणि ती अंगठा तुटलेली आहे ना, तिची सून आज आली नाही, तिच्यासाठीही डबा आणता येईल का?"

एका दुपारी आत्याबाई जरा उठून बसल्या होत्या. मी मोसंबं सोलत होते. त्या भाऊजींना म्हणाल्या, "मला एक सांग बापू. माझ्या बहिनीला नाय, जावंला नाय, त्या शिबिराला एवढ्या बाया आल्या त्यांला नाय. मलाच का?"

हाच तर त्यांचा विषय. याच प्रश्नावर हातात भाकरी धरून त्यांनी मला कितीदा तरी ऐकवलं होतं. मी मोसंबं सोलायची थांबले.

"ठाऊक नाही आई," भाऊजी म्हणाले.

"मंग इतकी वर्षं काय करत व्हतास?"

"तेच शोधतोय."

"आसं व्हय." त्यांनी मोसंब्याची फोड तोंडात टाकली, बी काढून हातावर घेतली. "शोध मग. गडबड नाय."

थोड्या वेळानं त्यांनी आपला हात पुढं केला, कोपराची आतली बाजू वर करून. "घे माझंबी रगत."

भाऊजींनी सांगितलं की आपल्याच आईचं घेता येत नाही, कामात आपपर आलं की काम बिघडतं. आत्याबाईंना ते मुळीच पटलं नाही. समद्या गावचं घेतलं आन आईचंच नको, हा कुठला कायदा, असं त्या सिस्टरला, डॉक्टरीणबाईंना आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारत राहिल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली. रक्त सिस्टरनं घ्यायचं. तसंही नळीवर नाव नसतंच, नुसता आकडा असतो, आणि तो आकडा कुणाचा हे कामात नसलेल्या दुसऱ्याच माणसाला ठाऊक असतं. भाऊजींना ते कधीच कळणार नाही. आत्याबाईंनी समाधानानं हात लांब केला. भाऊजी तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. सुईला ते बायकांइतकेच घाबरतात.

आत्याबाई बऱ्या झाल्या. वर्षभरात चोळ्या पुन्हा अंगाला बसू लागल्या. तपासणीला त्या अजूनही येतात, येताना भुईमुगाच्या शेंगा आणतात, आणि गावात कुणी बाई उष्णतेचं नाव काढलं की तिला बसवून घेऊन सगळे शब्द सांगतात, भाऊजींनी सांगितले त्याच क्रमानं. माझ्या मुलीला या विषाणूची लस द्यायची तर तिची आजी गावाहून मुद्दाम आली होती. मीही दर काही वर्षांनी तपासून घेते. भाऊजींचं काम पुरं झालं. तोंडी परीक्षेला समोर सगळ्या मॅडमच बसल्या होत्या, तर त्यांनी सगळी उत्तरं प्रोजेक्टरला दिली, आणि ती बरोबर होती म्हणे. मी एकदा विचारलं, शेवटी सापडलं काय? ते म्हणाले, एका जनुकातला एक लहानसा बदल आपल्याकडच्या ज्या बायांत विषाणू टिकून राहतो त्यांच्यात थोडासा जास्त दिसतो. पण तो असूनही कितीतरी बायांना काहीच होत नाही, आणि नसूनही काहींना होतं. आणखी पुष्कळ बघायला लागेल. हे सांगताना ते खूशही नव्हते आणि खट्टूही नव्हते.

आता ते दक्षिणेकडच्या एका शहरात नोकरीला असतात. काम तेच, बाया दुसरीकडच्या. रविवारी फोन येतो. फोनवर ते माझ्याशी पुष्कळ बोलतात, अगदी माझ्या शाळेतल्या भांडणांचीही चौकशी करतात. तिथं कुणाकडं बघायचं नसतं. पुंडलिकनगरच्या घरात आता भाजी सगळ्या तऱ्हेची येते.

गेल्या दिवाळीत ते आले होते. आत्याबाईही आलेल्या. भाऊबीज झालेली, दुपारची जेवणं आटोपलेली, आणि भाऊजी हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. आत्याबाई येऊन शेजारी टेकल्या. पडद्यावर एक आडवी रेघ, एक उभी रेघ, आणि मध्ये पुष्कळ ठिपके.

"हे काय म्हनायचं?"

"आपल्याकडच्या बाया आहेत आई. एक ठिपका म्हणजे एक बाई. कुणाच्या शरीरानं किती जोर केला, ते आहे."

"मी कुठंय यात?"

"आहेस कुठंतरी. मला माहीत नाही."

आत्याबाईंनी चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. गावच्या लग्नातला फोटो बघतात तशा एका टोकाकडून बघत आल्या. बरेचसे ठिपके एकमेकांना खेटून होते, काही जरा विरळ. एक मात्र वर कोपऱ्यात अगदी एकटा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही आशी बाजूला एकटीच का बसलीया?"

"तिचं वेगळं आलं इतरांपेक्षा. का ते कळलं नाही. असे कामातून वगळतात काही वेळा."

"वगळू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "आसंल कुनीतरी बिचारी."

आत्याबाई उठून आत गेल्या, आतून त्यांचा आणि माझ्या मुलीचा बोलण्याचा आवाज येत राहिला. मी चहा घेऊन आले तरी भाऊजी तसेच बसले होते. पडद्यावरच्या त्या एका ठिपक्याकडं ते सरळ बघत होते, आणि मी कप समोर धरून उभी आहे हे त्यांच्या बराच वेळ लक्षातच आलं नाही.